पाठीमागची भिंत

माझ्याकडे स्पीकरची एकच जोडी आहे. ती आधी अकरा वर्षं साताऱ्यातल्या स्लॅबच्या घरात वाजली. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती टेम्पोत घालून मी सांगलीला, गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर आणली. अ‍ॅम्प्लिफायर तोच, वायरी त्याच, गाणीही तीच. आवाज मात्र इतका बदलला की पहिल्या रात्री मी उठून सगळ्या जोडण्या पुन्हा तपासल्या. त्या ठीक होत्या. बदलली होती फक्त खोली.

हे स्पीकर डायपोल जातीचे आहेत. नेहमीच्या स्पीकरला खोकं असतं, यांना नाही. १९ मिलिमीटर प्लायचे दोन थर चिकटवून केलेली उभी फळी, वर आठ इंची आणि खाली पंधरा इंची स्पीकर, आणि पाठ पूर्ण उघडी. साताऱ्यात ज्या सुतारानं फळ्या कापून दिल्या, त्यानं काम संपल्यावर विचारलं होतं, ‘‘सर, ह्याला मागचं दार कधी बसवायचं?’’ दार बसवायचं नाही म्हटल्यावर तो बराच वेळ फळीच्या मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘मागनंबी तेवढंच वाजतंय की!’’

या स्पीकरबद्दल समजून घ्यायची पहिली गोष्ट तीच. जेवढा आवाज आपल्याकडे येतो तेवढाच मागच्या भिंतीकडे जातो. भिंत त्याचं जे काही करेल ते आपल्याला ऐकावं लागतं. या दोन खोल्यांनी मला जे शिकवलं ते एकेक करून सांगतो.

१. आपला स्पीकर हलगीसारखा आहे, हे आधी ओळखा

आमच्याकडे जत्रेत, कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते. हलगीला एकाच बाजूला कातडं असतं, मागची बाजू उघडी. कातडं पुढे गेलं की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे मागची लाट पुढच्या लाटेच्या बरोबर उलट पावलानं निघते. कडेला, कातड्याच्या रेषेत, या दोन्ही लाटा भेटतात आणि एकमेकींना खोडून काढतात. डायपोल स्पीकर हाच खेळ करतो. एक फळी चालू ठेवून तिच्या अगदी बाजूला, कडेशी कान आणा. आवाज एकदम बसतो. पुन्हा समोर या, तो भरून येतो.

या आकारामुळे मोठा फायदा होतो. समोर तेवढाच आवाज देताना डायपोल स्पीकर सगळीकडे सारखा आवाज फेकणाऱ्या स्पीकरच्या तुलनेत एकूण एक तृतीयांश ऊर्जाच खोलीत सोडतो. बाजूच्या भिंती, जमीन आणि छत यांच्याकडे कमी जातं. म्हणून १९५७ साली इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीनं आणलेला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आजही जाणकार आदरानं ऐकतात. तोही डायपोलच. या फायद्याची किंमत मात्र एक भिंत वसूल करते. पाठीमागची.

२. पैशाआधी जागा द्या

साताऱ्याचा हॉल बारा बाय पंधरा फुटांचा. सुरुवातीला मी फळ्या भिंतीपासून दीड फुटावर ठेवल्या, कारण येण्याजाण्याच्या वाटेत त्या येऊ नयेत असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं होतं. गाणं लागलं की गायकाचा आवाज पोकळ यायचा. मी अ‍ॅम्प्लिफायर बदलायला निघालो होतो. त्याआधी कागद घेऊन बसलो.

दीड फूट म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. मागची लाट भिंतीपर्यंत जाऊन परत येते, म्हणजे ९० सेंटिमीटर जास्त चालते. ज्या स्वराची लांबी बरोबर ९० सेंटिमीटर, तो स्वर एक पूर्ण फेरी मारून परततो. पण मागची लाट मुळात उलट्या पावलानं निघालेली, त्यामुळे ती पुढच्या लाटेला खोडते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर हा स्वर ३८१ हर्ट्‌झचा येतो. गायक काळी एक पट्टीत गात असेल तर ही जागा तार सप्तकातल्या मध्यमाच्या आसपास पडते. म्हणजे गाणं जिथे रंगतं, नेमका तिथेच खड्डा.

फळ्या ओढून चार फुटांवर आणल्या. आता जादा वाट २.४ मीटरची झाली आणि खड्डा १४३ हर्ट्‌झपर्यंत खाली सरकला. तिथे तो कानाला कमी खुपतो. परतीची लाट सात मिलिसेकंद उशिरा येऊ लागली. डायपोलचे मोठे अभ्यासक सीगफ्रीड लिंकविट्झ (ते २०१८ साली गेले) सहा मिलिसेकंदांहून जास्त उशीर हवा असं सांगत, आणि त्यामागचं कारण मला त्या संध्याकाळी कळलं. फार लवकर आलेला प्रतिध्वनी मेंदू मूळ आवाजातच कालवतो आणि आवाजाचा रंग बिघडतो. थोडा उशिरा आला तर मेंदू त्याला खोली म्हणून वेगळा काढतो. गायक भिंतीतून सुटून पुढे आला आणि त्याच्या मागे खोली दिसू लागली. एक पैसाही खर्च झाला नव्हता.

तीन फूट ही किमान जागा समजा. चार मिळाले तर उत्तम.

३. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा

आपल्याकडची नवी घरं आवाजाच्या दृष्टीनं फार कठोर आहेत. वर स्लॅब, भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली व्हिट्रिफाइड टाइल, खिडकीला काच. हॉल रिकामा करून मधोमध एकदा टाळी वाजवा. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये ती झर्रकन फडफडत जाते, कबुतर उडाल्यासारखी. ती फडफड प्रत्येक तबल्याच्या बोलाला चिकटणार आहे.

खोली किती घुमते याचं गणित वॉलेस सेबाइन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकानं मांडलं. १८९५ साली विद्यापीठानं त्याच्यावर एका व्याख्यानगृहाचं काम सोपवलं. तिथे वक्त्याचं बोलणं कळत नसे. जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री आणून त्या एकेक वाढवत तो आवाज विरायला लागणारा वेळ मोजत गेला. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही चालतं. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण.

आमच्या हॉलचं घनफळ ५१ घनमीटर आणि सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर. गिलावा आणि टाइल आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात, म्हणजे एकूण शोषण अडीच चौरस मीटर. गणित सांगतं की रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला सव्वातीन सेकंद लागतील. गाणं ऐकायला घरात ०.४ सेकंदाच्या आसपास हवं. त्यासाठी शोषण वीस चौरस मीटरच्या घरात न्यावं लागतं.

आकडा मोठा वाटतो, पण सोफा, जाड पडदे, सतरंजी, पुस्तकं, दिवाणावरची गादी आणि बसलेली माणसं मिळून निम्मी मजल सहज मारतात. सेबाइनसारखंच मीही एका रविवारी घरातल्या गाद्या-उशा आणून टाळ्या वाजवत बसलो. कुठे काय ठेवलं की फडफड थांबते, हे त्या एका दुपारी कळलं.

४. फोमनं भिंत लिंपू नका

ही चूक मी केली आहे आणि ती महागात पडली. मागची भिंत त्रास देते असं कळल्यावर मी ती एक इंची फोमच्या चौकोनांनी पूर्ण झाकली. दिसायला स्टुडिओसारखं झालं. तंबोरा लावून पाहिला आणि त्याचा जीव गेला होता. जवारीतून उठणारे बारीक स्वर नाहीसे झाले होते, आणि मधला घुमारा जसाच्या तसा उरला होता.

कारण सोपं आहे. भिंतीला टेकलेल्या हवेला हलायला जागा नसते. हवा सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून पाव लाटेच्या अंतरावर, आणि कापूस, लोकर, फोम यांचं काम हलणारी हवा अडवण्याचं. एक इंच म्हणजे ३४०० हर्ट्‌झच्या लाटेचा पाव भाग. त्याच्या बऱ्याच खालचे स्वर फोमला जणू तो नाहीच असं समजून आरपार जातात आणि भिंतीवर आपटून परततात. म्हणजे मी वरचे स्वर मारले आणि खालचे मोकळे सोडले. डायपोलच्या पाठीतून येणारा आवाज असा अर्धवट गाळून परत आला की तो उजेडही नसतो आणि सावलीही नसते.

अंड्यांचे ट्रे लावणाऱ्यांनाही हेच सांगतो. पातळ पुठ्ठा काही शोषत नाही. आणि साधा फोम भडकन पेटतो, त्याचा धूर विषारी असतो. ज्या घरात समई, उदबत्ती आणि जुने स्विचबोर्ड आहेत तिथे भिंतभर फोम नकोच. मी सगळा उतरवला. भिंतीचा रंगही सोबत निघाला.

५. मागच्या भिंतीला पुस्तकं द्या

मागची लाट मारायची नाही, ती फोडायची. एकाच दिशेनं उसळणारा आवाज अनेक दिशांना विखुरला की त्याची ऊर्जा उरते आणि बोच जाते. मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९७५ साली वेगवेगळ्या खोलीच्या खाचांची फळी गणितानं आखून दाखवली. महाग स्टुडिओत ती दिसते. आपल्या घरात तिचं साधं रूप असतं ते पुस्तकांचं कपाट.

साधा आरसा उपयोगी पडतो. ऐकायच्या खुर्चीत बसा आणि दुसऱ्या माणसाला मागच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. जिथे तुम्हाला फळीची पाठ दिसेल, त्या जागेवरून आवाज तुमच्याकडे उसळतो. डाव्या-उजव्या फळीच्या अशा दोन जागा निघतील. तिथे एकेक कपाट. पुस्तकं एका रेषेत लावू नका. जाड कोश मागे ढकला, दिवाळी अंक पुढे ओढा, मधे चार बोटं रिकामी सोडा. ही ओबडधोबड रचनाच काम करते.

एक अट आहे. आपल्याकडे कपाटाला धूळ नको म्हणून काचेची दारं असतात. काच लावली की पुस्तकं असून नसल्यासारखी. मी सरकत्या काचा काढल्या त्या दिवशी व्हायोलिनच्या गजाचा खरखरीतपणा गेला. पुस्तकांवरची धूळ पुसणं वाढलं, ते मी आनंदानं करतो.

६. घोंगडी भिंतीपासून चार इंच सुटी टांगा

शोषणासाठी लांबून काही मागवायची गरज नाही. माणदेशात, साताऱ्याच्या माण-खटावपासून सांगलीच्या आटपाडीपर्यंत, मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणली जाते. म्हसवडकडची जाड घोंगडी हातात घेऊन पाहा. लोकर खरखरीत, वीण दाट, वजन भरपूर. आवाजाला अडवायला जे गुण लागतात ते तिच्यात आयतेच आहेत.

पण ती भिंतीला खिळे ठोकून सपाट लावली तर फोमचीच चूक पुन्हा होते. मी भिंतीपासून चार इंच पुढे पडद्याचा दांडा बसवला आणि घोंगडी दुहेरी करून, थोड्या चुण्या पाडून त्यावर टाकली. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर, त्यामुळे तिचं काम ८५० हर्ट्‌झच्या आसपास खऱ्या अर्थानं सुरू होतं. तीच लोकर, तेवढंच कापड. मधल्या हवेनं तिचं काम एक इंची फोमपेक्षा दोन सप्तकं खाली उतरलं.

दोन कपाटांच्या मधल्या जागेत एक, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर एक, एवढ्या दोन मला पुरल्या. डोक्यामागची भिंत जवळ असेल तर तिथे घोंगडी जास्त मोलाची, कारण समोरून आलेला आवाज तिथून लगेच कानात परततो. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामधल्या टाइलवर जाड सतरंजी टाकली. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे कीड-कसर येऊ शकते. वर्षातून दोनदा कडक ऊन दाखवा, झटका, पुन्हा टांगा.

७. बाजूच्या भिंतींना हात लावू नका, पण तोल सांभाळा

खोक्याच्या स्पीकरसाठी लिहिलेला सल्ला वाचून लोक आधी बाजूच्या भिंतींवर पॅनेल ठोकतात. डायपोलला ते बहुतेक वेळा लागत नाही, कारण त्याची मुकी कड त्याच भिंतीकडे असते. फळी जरा आत वळवली की ती कड भिंतीच्या त्या नेमक्या जागेकडे रोखता येते जिथून आवाज उसळला असता. खर्च शून्य.

साताऱ्याच्या हॉलमध्ये डावीकडे भिंत होती आणि उजवीकडे स्वयंपाकघराकडे जाणारी मोकळी वाट. मी अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड लावली. ती एकाच वाहिनीवरची, म्हणजे आवाज दोन फळ्यांच्या बरोबर मधे उभा राहायला हवा. तो एक हात डावीकडे सरकलेला होता. मोकळ्या वाटेतून काही परत येत नव्हतं, भिंतीवरून येत होतं. डावी फळी मी बोटाबोटानं आत वळवत गेलो. पाच-सहा बोटांनंतर खाँसाहेब मधोमध आले. फळ्यांच्या पायाशी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा केल्या, त्या घर सोडेपर्यंत तशाच होत्या.

जुनी एकवाहिनी रेकॉर्ड हा खोलीचा तोल तपासायचा सर्वांत प्रामाणिक काटा आहे.

८. खर्जाला कापडानं नाही, जागेनं जिंकता येतं

१०० हर्ट्‌झची लाट साडेतीन मीटरच्या जवळपास लांब असते. ४० हर्ट्‌झची साडेआठ मीटर. तिचा पाव भागही दोन मीटरहून जास्त. कुठलाही पडदा तिला अडवत नाही. फळीलाही ती जुमानत नाही. मागची लाट कडेनं वळून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाते, म्हणून डायपोलला खालचे स्वर काढायला मोठा स्पीकर आणि जास्त ताकद लागते. म्हणूनच माझा पंधरा इंची.

त्यात खोलीची स्वतःची घागर असते. १७२ ला खोलीच्या मीटरमधल्या मापानं भागा. पंधरा फुटांच्या लांबीला ३७ ते ३८, बारा फुटांच्या रुंदीला ४७ आणि दहा फुटांच्या उंचीला ५६ हर्ट्‌झ येतात. या स्वरांवर खोली घुमते. लांबी, रुंदी, उंची सारखी असेल तर घुमारे एकावर एक चढतात, म्हणून बारा बाय बाराची खोली शक्यतो टाळा. डायपोल हवा पुढे-मागे ढकलतो, बाजूला फारशी नाही, त्यामुळे रुंदीचा घुमारा त्याच्याकडून कमी जागा होतो. लांबीचा उरतो, आणि तो खुर्ची सरकवून सांभाळावा लागतो. डोक्यामागच्या भिंतीला टेकून बसलं तर पखवाज फुगतो, अगदी मधोमध बसलं तर विरतो. मला जागा सापडली ती डोक्यामागच्या भिंतीपासून तीन फुटांवर.

सांगलीच्या माडीनं इथे दुसरा धडा दिला. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी पाटाचं छत, खाली लाकडी तक्तपोशी. लाकूड खालच्या स्वरांबरोबर किंचित हलतं आणि त्यांची ताकद स्वतः पिऊन टाकतं. जो घुमारा साताऱ्यात वर्षभर भंडावत होता, तो इथे नव्हताच. त्याऐवजी मांडणीवरची पितळी भांडी आणि खिडकीच्या कड्या थरथरत होत्या. २० पासून २०० हर्ट्‌झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर लावून मी घरभर कान देत फिरलो आणि प्रत्येक थरथरीखाली कापडाची घडी सरकवली. मोजायला ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा माइक पुरतो.

९. आपल्या पावसाला आणि नदीला धरून साहित्य निवडा

सेबाइननं शोषण मोजायला उघड्या खिडकीचं एकक वापरलं होतं, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. माडीला चार खिडक्या आहेत. उन्हाळ्यात त्या उघड्या असतात तेव्हा खोली शांत आणि जरा कोरडी वाजते. जूनमध्ये त्या बंद झाल्या की तीच खोली उजळते. म्हणून मी पावसाळ्यात एक घोंगडी जास्त टांगतो आणि दिवाळीनंतर उतरवतो. ऋतूप्रमाणे अंथरूण-पांघरूण बदलतो तसंच हे.

साताऱ्याच्या बाजूला पावसाळ्यात भिंतींना ओल येते. रॉकवूल किंवा ग्लासवूलच्या चौकटी ओल्या भिंतीला चिकटवल्या तर मागे बुरशी धरते. दोन बोटं हवा खेळू द्या, आणि त्या कापडात नीट शिवून घ्या, तंतू खोलीत उडता कामा नयेत.

सांगलीत प्रश्न नदीचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा गावभागात आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या तळमजल्यावरच्या कापसाच्या गाद्या त्या वेळी भिजून दगड झाल्या. तेव्हापासून नियम केला की गाणं माडीवर, आणि भिंतीवर लावलेलं सगळं दोन माणसांना दहा मिनिटांत उतरवता आलं पाहिजे. खिळ्यांऐवजी आकडे वापरले ते यासाठीच.

१०. कान मिरजेला नेऊन आणा

खोली चांगली झाली की नाही, हे ठरवायला खरा आवाज कसा असतो हे कानात पक्कं हवं. त्या बाबतीत आम्ही भाग्यवान. सांगलीपासून थोड्याच अंतरावर मिरज, जिथे पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरे घडतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले. १९३७ साली ते गेले तेव्हा मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं, आणि दरवर्षी तिथे गायक हजेरी लावतात.

तिथल्या एका कारागिराकडे मी तंबोरा लावून घ्यायला बसलो होतो. त्यांनी घोडीवर तारेखाली सुताचा धागा घातला आणि तो केसभर मागे-पुढे करत तार छेडत राहिले. तार मुकी, मुकी, किंचित खरखरीत, आणि एका जागी अचानक उघडली. एका तारेतून स्वरांचा पिसारा बाहेर पडला. ‘‘जागा सांगता येत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘शोधायला लागते.’’

घरी आल्यावर तो तंबोरा मी दोन फळ्यांच्या मधे उभा केला आणि मुलीला छेडायला सांगितलं. मग तिला थांबवून त्याच पट्टीतलं ध्वनिमुद्रण लावलं. पुन्हा खरा, पुन्हा मुद्रण. फरक डोळे मिटून कळत होता. मुद्रणातला षड्ज भरीव होता, पण वर उठणारा पिसारा उजव्या बाजूला आखूड. उजवीकडची घोंगडी एक हात खाली सरकवली, कपाटाची बाजू उघडी केली. त्या रात्री दोन्ही बाजूंचा पिसारा सारखा झाला. कुठलंही यंत्र मला तिथपर्यंत घेऊन गेलं नसतं.

औंधला १९४० पासून चालत आलेल्या संगीत महोत्सवासारख्या जागी वर्षातून एकदा तरी बसा. कान जुळलेले राहतात.

११. हॉल घरातल्या सगळ्यांचा आहे

चार फूट पुढे आलेली फळी म्हणजे घराच्या बैठकीत उभी केलेली भिंतच. आईला तिच्यामुळे देवघराकडे वळसा घालून जावं लागत होतं, आणि ती काही बोलली नाही तरी मला दिसत होतं. मी फळ्यांच्या तळाला चाकं बसवली. दिवसभर त्या भिंतीशी, संध्याकाळी खुणांवर. रोजच्या या दोन मिनिटांनी घरात स्पीकरला जागा मिळाली. मग आई स्वतःच म्हणायला लागली, ‘‘तुझ्या फळ्या पुढे ओढ रे, अभंग नीट ऐकू येत नाहीत.’’ ज्या दुरुस्तीनं घरातल्या माणसाला अडचण होते ती टिकत नाही, आणि टिकत नाही ती दुरुस्ती खोलीला शोभत नाही.

या गोष्टी प्रत्यक्ष करण्याचा क्रम माझ्या मते महत्त्वाचा आहे. आधी भिंतीपासून अंतर, मग फळीचं वळण आणि खुर्चीची जागा, मग पुस्तकं, मग घोंगडी, आणि सर्वांत शेवटी विकत आणलेलं काही. मी हा क्रम उलटा सुरू केला आणि दोन वर्षं घालवली.

तुमच्याकडे डायपोल असतील किंवा घ्यायचा विचार असेल, तर कुठलीही ऑर्डर देण्याआधी एक रविवार काढा. टेप, आरसा, चिकटपट्टी आणि घरातलं एक माणूस सोबत घ्या. फळ्या दीड फुटावरून चार फुटांवर आणा आणि तुमच्या आवडीच्या गायकाची एक रेकॉर्ड दोन्ही जागी ऐका. पुढचं सगळं तिथून सुचत जाईल.